ग्रामसभेला शंभर माणसं लागतात

सकाळी आठच्या सुमाराला झेंडावंदन होतं. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी असतात, मास्तरांची शिट्टी वाजते, राष्ट्रगीत होतं, लाडू वाटले जातात आणि गर्दी पांगते. तरुण पोट्टे मोटारसायकलींना किक मारून चौकाकडे निघून जातात. मग ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या अंथरल्या जातात आणि ग्रामसभा सुरू होते. १५ ऑगस्ट असो की २६ जानेवारी, बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली हे चित्र गावोगाव सारखंच असतं. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे त्यातलंच एक मोठं गाव. पोलीस ठाण्याचं गाव, आसपासच्या खेड्यांची सतत ये-जा असलेलं. अशा कुठल्याही मोठ्या गावच्या सभेत बसलेल्यांची वयं एकदा मोजून पाहा. साठीच्या पुढचे काही जण, निवडून आलेले सदस्य, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, घरकुलाच्या यादीत नाव आलं का ते विचारायला आलेल्या दोन-चार बाया. अठरा ते पंचविशीतलं कुणी दिसलंच तर ते बहुधा हजेरीची वही फिरवायला आलेलं असतं.

हीच पोरं निवडणुकीच्या पंधरा दिवसांत रात्री दोनपर्यंत जागतात. झेंडे बांधतात, म्हाताऱ्या मतदारांना गाडीवर बसवून केंद्रावर आणतात, मतमोजणीच्या दिवशी तहसीलसमोर उन्हात उभी राहतात. त्यांना राजकारणाची आवड नाही असं कोण म्हणेल? आवड आहे, अंगात धमकही आहे. पण निवडणूक संपते तिथे त्यांचं राजकारण संपतं, आणि गावाचा खरा कारभार तिथून सुरू होतो.

तरुणांनी राजकारणात यावं असं म्हटलं की डोळ्यांसमोर आमदारकी, पक्षाचं पद, मोठा फ्लेक्स उभा राहतो. मी त्याविषयी बोलत नाही. अठरा वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव लागलं की माणूस आपोआप एका सभागृहाचा सभासद होतो. त्यासाठी तिकीट लागत नाही, पैसा लागत नाही, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. या सभागृहाचं नाव ग्रामसभा. आमदाराला विधानसभेत जाऊन बसायला निवडून यावं लागतं. ग्रामसभेत बसायला तुम्ही गावचे मतदार आहात, एवढं पुरतं.

१९८९ पर्यंत मतदाराचं हे वय २१ होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणलं आणि ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. पुढे २४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या बापाच्या हाती अठराव्या वर्षी जे आलं, ते त्याच्या बापाला तीन वर्षं उशिरा मिळालं होतं. आणि हा हक्क सगळ्यांत कमी वापरतो तो आजचा अठरा वर्षांचा मुलगा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पदही जाऊ शकतं, इतका हा नियम कडक आहे. सभेआधी महिलांची वेगळी सभा आणि वॉर्डसभा घ्यायची असते. गणपूर्ती, म्हणजे ज्याला गावात सगळे कोरम म्हणतात, ती किती? गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. पिंपळगाव राजासारख्या हजारो लोकवस्तीच्या गावात याचा अर्थ सरळ आहे. शंभर माणसं लागतात. गावात गणपती मंडळं किती आहेत, क्रिकेटच्या टीमा किती आहेत, हे आठवून पाहा. पाच मंडळांनी वीस-वीस पोरं आणली तरी कोरम भरतो.

तो भरत नाही, आणि मग काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण गावाच्या कारभारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच घडते. ठरलेल्या वेळी माणसं कमी पडली की सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. आधीच्या सभेच्या नोटिशीवरचे विषय पंधरा-वीस माणसांत वाचले जातात, 'मंजूर' असं म्हटलं जातं आणि प्रोसिडिंगला नोंद होते. त्या पंधरा-वीस जणांनी मंजूर केलेला ठराव साऱ्या गावाचा ठराव ठरतो. घरकुलाचे लाभार्थी, कोणत्या गल्लीत नाली, कोणत्या वस्तीत पाण्याची टाकी, वर्षाचा आराखडा, सगळं त्यात येतं. कायद्याने यात काहीही चुकीचं नसतं. गाव आलं नाही म्हणून गावाच्या वतीने थोड्यांनी ठरवलं, इतकंच.

काही ठिकाणी आणखी एक प्रकार चालतो. सभा झाल्यावर हजेरीची वही घरोघर फिरते. 'भाऊ, इथं सही कर.' भाऊ मोबाइलवरून मान वर न काढता सही करतो. त्याला वाटतं आपण शेजाऱ्याला मदत केली. प्रत्यक्षात त्याने न ऐकलेल्या, न वाचलेल्या ठरावाखाली आपलं नाव घातलेलं असतं. पुढे कधी त्या ठरावावरून वाद झाला, माहिती अधिकारात नक्कल निघाली, तर उपस्थितांच्या यादीत त्याचं नाव असतं. तरुणांना माझी पहिली विनंती हीच आहे. घरी आलेल्या वहीवर सही करू नका. सभेला जा, तिथे सही करा, आणि सही करण्याआधी प्रोसिडिंगमध्ये वर काय लिहिलंय ते वाचा.

पण सभेला जायचं तर आधी यादीत नाव हवं, आणि तिथेच पहिली गळती आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशात पहिल्यांदा मतदान करणारे १८-१९ वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार नोंदले गेले होते. आकडा मोठा दिसतो. पण त्या वयाच्या मुलामुलींच्या अंदाजे लोकसंख्येशी तो ताडून पाहिला तेव्हा निम्म्याहून अधिक नावं यादीबाहेरच असल्याचं दिसलं. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेऊन वॉर्डांप्रमाणे फोडली जाते. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीत मत नाही, उभं राहण्याचा अधिकार नाही आणि ग्रामसभेत जागाही नाही. एका अर्जावर तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

तो अर्ज म्हणजे नमुना ६. पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच तारीख धरली जायची. २ जानेवारीला जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि फोटो, इतकंच लागतं. मोबाइलवरून भरता येतो किंवा गावातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतो. बीएलओ म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्याच शाळेतले मास्तर नाहीतर अंगणवाडीच्या ताई. बारावीच्या वर्गातली मुलं-मुली एका दुपारी हे काम संपवू शकतात.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. अठराव्या वर्षी माहेरच्या यादीत नाव लागतं, वीस-एकविसाव्या वर्षी लग्न होतं. माहेरच्या यादीतलं नाव कुणीतरी कमी करून टाकतं, सासरच्या यादीत ते घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन-तीन निवडणुका अशाच जातात. आता राहण्याची जागा बदलली तर नमुना ८ भरून नाव तिकडे हलवता येतं. लग्नात रुखवत, आहेर सगळ्याची यादी होते, त्यात हा एक कागद घाला. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवर उद्या कोण बसणार, हे आज कोणाचं नाव यादीत आहे त्यावर ठरतं. घरातल्या पुरुषाने बाईच्या नावाने कारभार करायचा, ही रीतही शिकलेल्या मुली सभेत येऊन बोलू लागतील तेव्हाच मोडेल.

आता पैशाचं बघू. गावाकडे पैसा कुठून येतो, हे कळलं की सभेत बसण्यात रस निर्माण होतो. घरपट्टी, पाणीपट्टी हे गावाचं स्वतःचं उत्पन्न. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दुसरा मोठा झरा केंद्राच्या वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती, तिला बंधित निधी म्हणतात. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने गरजेप्रमाणे ठरवायची. हे ठरवण्यासाठी 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने आराखडा करायचा असतो आणि त्याला मंजुरी ग्रामसभेनेच द्यायची असते.

मोबाइल हातात आहेच, तर पाच मिनिटं काढा. ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडा, वर्ष निवडा. तुमच्या ग्रामपंचायतीने त्या वर्षी कोणती कामं आराखड्यात घेतली, किती पैसे आले, कशावर खर्च झाले, हे समोर येतं. मग तो कागद घेऊन गल्लीत फिरा. नालीवर खर्च दाखवला असेल तर नाली कुठे आहे, किती लांब आहे, तिच्यातून पाणी वाहतं का? हे पाहायला पदवी लागत नाही. फार वेळा काम खरंच झालेलं असतं आणि आपल्याला ठाऊक नसतं, हेही लक्षात येईल. तेव्हा ते सभेत मोकळेपणाने सांगावं. हिशेब मागणाऱ्याने झालेल्या चांगल्या कामाचीही दखल घेतली, तर त्याच्या प्रश्नाला धार येते.

उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्याने अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. महाराष्ट्राने हा कायदा देशाच्या आधी, २००२ मध्येच केला होता. अर्ज लिहिताना 'गावात काय भ्रष्टाचार झाला ते सांगा' असं लिहू नये. त्याला उत्तर नसतं. कामाचं नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत मागावी. नेमकं मागणाऱ्याला नेमकं मिळतं.

हे सगळं कोरडं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ या. याच बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून १९२७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं चरित्र प्रसिद्ध झालं. फुल्यांचं हे पहिलं मोठं चरित्र. लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील हे सत्यशोधक चळवळीतले तरुण कार्यकर्ते होते. पुणे-मुंबईपासून दूर वऱ्हाडातल्या एका तरुणाला वाटलं की हे काम राहून गेलंय आणि ते आपण केलं पाहिजे. खामगावात असहकाराच्या वाऱ्यात टिळकांच्या नावाची राष्ट्रीय शाळा उभी राहिली, तिचाही आधार सरकारी शाळा नाकारणारी तरुण पिढीच होती. या मातीतल्या पोरांना सार्वजनिक काम नवीन नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडचं घ्या. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत या गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. ८ एप्रिल ते २२ मे, विदर्भातलं ऐन वैशाखाचं ऊन, पंचेचाळीस दिवस श्रमदान. आपल्या जिल्ह्यातलं, आपल्यासारखंच पाण्याला तरसणारं गाव. अशा कामाला आधी गावाला एकत्र बसावं लागतं, कुणाच्या शेताच्या बांधावर काय खोदायचं याला संमती मिळवावी लागते. कुदळ हातात घेण्याआधीचं ते काम सभेतच होतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिची सुरुवात विसरली जाते. एम.कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोपटराव पवारांना गावातल्या तरुणांनी सरपंचपदासाठी आग्रहाने उभं केलं. ते साल १९८९-९०. पवार तेव्हा तिशीच्या आसपास होते. पुढे पाऊस किती पडला, पाणी किती आहे आणि म्हणून यंदा कोणती पिकं घ्यायची, हे ठरवायची जागा त्या गावात ग्रामसभा झाली. विदर्भात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने घ्यायची रीत लावली. कायदा समजून घ्यायला अभ्यासगट केले. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा अधिकार हाती आला. अभ्यासगटापासून तिथवर यायला वर्षानुवर्षं लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण तरुण मन एका सभेत निकाल मागतं.

जगात अन्यत्रही हे घडतं. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा लहानसा प्रांत आहे. तिथे मे महिन्यात लोक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. २००६ च्या सभेत प्रांतातल्या २५ ग्रामपालिका एकत्र करून फक्त ३ ठेवायचं ठरलं. ही सूचना सरकारची नव्हती, एका साध्या नागरिकाने मांडलेली होती. पुढच्याच वर्षी त्या सभेने मतदानाचं वय १६ केलं. सभेत उभं राहून बोलणाऱ्या एका माणसाचं वजन किती असू शकतं, ते यावरून कळतं.

मग आपली पोरं येत का नाहीत? दोष फक्त त्यांचा नाही. 'शिकायचं वय आहे, राजकारणात पडू नको,' हे प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि आई-बापांची धास्ती खोटी नसते. आंदोलनात गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीत, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. गावातल्या दोन पॅनलांच्या भांडणात पोरगं सापडलं की शेताचा रस्ता अडतो, पाळीचं पाणी तुटतं. शिवाय जी जागा राजकारण शिकायची होती, ती कॉलेजं आपण बंद करून ठेवली. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर हिंसाचाराचं कारण देऊन नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली, पण २०१८ आणि २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या. आमदारकीला मत देऊ शकणाऱ्या मुलाला स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यात भर म्हणून बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची तीन वर्षं उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. त्या काळात अठरा वर्षांचे झालेल्या मुला-मुलींनी आपल्या सर्कलचा जिल्हा परिषद सदस्य निवडण्याचा अनुभवच घेतला नाही. वरच्या दोन्ही वाटा अशा अडलेल्या असताना ग्रामसभा तेवढी कायम उघडी राहिली.

ज्यांना पुढे जाऊन उभं राहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. ग्रामपंचायत लढवायला वय २१ पूर्ण हवं. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. राखीव जागेवर लढताना जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. निवडून येऊनही या एका कागदापायी अनेक तरुणांचं पद गेलं आहे, तेव्हा तो अर्ज निवडणूक लागण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवा. पण माझा आग्रह असा की उभं राहण्याआधी निदान दोन वर्षं सतरंजीवर बसा. कोण काय बोलतं, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ठराव कसा लिहितात, कोणता विषय दर वेळी मागे पडतो, हे ऐकत बसलेला उमेदवार आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून आलेला उमेदवार यांत गाव बरोबर फरक करतं.

पिंपळगाव राजातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुला-मुलींनो, पुढच्या झेंडावंदनाला लाडू खाऊन निघून जाऊ नका. सभेच्या आधी चार-सहा जण मिळून एकच विषय निवडा. बसथांब्यावर लाइट नाही, वाचनालयाची खोली कुलूपबंद आहे, मुलींच्या शाळेच्या वाटेवर नालीचं पाणी साचतं, असा एकच, डोळ्यांनी दिसणारा. तो साध्या कागदावर लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या करा, ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेत तो वाचला जाईपर्यंत बसून राहा. आणि येताना प्रत्येकाने एक मित्र, एक बहीण सोबत आणा. शंभर माणसं लागतात.